तिसऱ्या बरगडीखाली

आधी भोकं बुजव, बोआडी मास्टर सांगतो.
शाफ्ट आत जातो तिथे चिंधी,
श्वासाच्या बारक्या नळीला सायकलच्या ट्यूबचा तुकडा.
बाहेरचा मळ बाहेरच मरायला हवा,
आत गेला की दातांत बसतो.

मग मी डिझेल ओतते.

कुमासीत, सुआमेच्या या गल्लीत
एका शेडपुढे नुसते दरवाजे, एकीपुढे नुसती इंजिनं,
आमच्यापुढे गिअरबॉक्स:
कंटेनरमधून उतरलेले, पोटावर निजलेले,
मातीसकट उपटलेल्या सुरणांसारखे.
हा हॅम्बुर्गचा म्हणतात.
म्हणोत. मला मळ वाचता येतो.

वरचा थर आपला, हरमाटनची धूळ,
पिठासारखी, फुंकरीनं उडणारी.
खाली काळा चिकटा, डांबर व्हायच्या बेतात,
त्यात रुतलेली पाइनची एक सुई.
ते झाड मी फक्त कॅलेंडरवर पाहिलंय.
आणि तळाशी, ॲल्युमिनियमवर,
पांढरी बुरशी.
तिकडे म्हणे थंडीत रस्त्यांवर मीठ टाकतात.
मीठ! पोत्यांनी. रस्त्यावर.
आईला सांगितलं तर म्हणाली,
मग चव कुणाला लागते?

लाकडी पट्टीनं खरवड, लोखंड लावू नकोस.
जोडाच्या कडेवर एक ओरखडा
आणि तेल जन्मभर ठिबकत राहील.
बरगड्यांच्या फटींना टूथब्रश,
धाकट्या ओबेंगचा. तो अजून शोधतोय.

तळाचा बोल्ट काढला. त्याच्या चुंबकाला
करड्या चुऱ्याची मऊ मिशी.
मास्टरनं ती दोन बोटांत चोळली, नाकाशी नेली:
म्हातारा आहे. पण वाया गेलेला नाही.

गिऱ्हाईक बाकावर बसलेलं. न्केतिया.
त्याची ट्रोट्रो सोमवारपासून जॅकवर,
आणि तो सोमवारपासून इथे,
उकडलेल्या शेंगा सोलत.
अगं डुफी, पुरे, म्हणाला,
गाडीखाली बसवायचाय,
लग्नात मिरवायचा नाही.

मी घासत राहिले. चांगलं दिसत होतं म्हणून, दुसरं काही नाही.
काळ्यातून रुपेरी उघडं पडत जातं
तेव्हा हात आपोआप पुढे सरकतो.

तिसऱ्या बरगडीखाली केस दिसला.
ब्रश फिरवला, हलला नाही.
नख लावलं, नख अडकलं.
पेट्रोल शिंपडून फडक्यानं पुसलं.
सगळीकडे सुकलं,
तेवढी एक रेघ
आतून पुन्हा ओली झाली.

झाकली मूठ होती ती.
कोण जाणे किती हजार मैल
मळानंच तेल धरून ठेवलं होतं,
आणि मी शहाणी
तो खरवडून डब्यात टाकत होते.

डबा शेजारीच. चिकटा अजून ऊबदार.
अंगठाभर पुरला असता.
अंगठा काळाच होता, कुणाला कळलं नसतं.

मास्टर वाकला. बराच वेळ काही बोलला नाही.
मग हळूच: आणखी कुणी पाहिलं?
मी म्हटलं, मीच.
त्यानं डब्याकडे पाहिलं.
माझ्या अंगठ्याकडे पाहिलं.
समोर आज्यारेच्या दुकानात वेल्डिंगचा निळा उजेड
तडतडला, विझला, तडतडला.

मग खिशातून खडू काढून
रेघेभोवती गोल केला, जरा वाकडाच,
आणि हाक मारली, न्केतिया, इकडे ये.

निम्मी किंमत गेली. वर गुरुवारपर्यंत थांबणं.
न्केतिया मास्टरला काही म्हणाला नाही,
मला म्हणाला: झालं समाधान?
आणि टॉवेल खांद्यावर टाकून निघाला.
शेंगांची पुडी बाकावरच राहिली.

साबणाच्या पुडीनं दोनदा हात धुतले,
नखांतलं गेलं नाही.
तसंच खाल्लं.
डिझेलचा वास,
आणि त्याखाली कुठेतरी, थोडं, मीठ.